पंखा फिरतोय, मग गाडी गरम का?

मागच्या ऑक्टोबरात वाघोबा खिंडीत आमच्या गाडीची हेड गॅस्केट उडाली. आम्ही पालघरहून मनोरकडे निघालो होतो. पुढे दोन भरलेले ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, बाहेर ऑक्टोबर हीट आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत. बाबांनी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा पंखा छान फिरत होता. त्याआधीच्या दीड महिन्यात तीन जणांनी तोच पंखा बघून ‘पंखा ओके आहे’ असं सांगितलं होतं. पहिला बोईसरचा एक मिस्त्री, दुसरा एक ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि तिसरी मी. एमएस्सी केमिस्ट्री, पीएचडीचं चौथं वर्ष, विषय धातूंचा गंज.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करताय. निरीक्षण म्हणजे काय, गृहीतक म्हणजे काय, याच्या व्याख्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या पाठ असतील. मला आज त्या पंख्याबद्दलच सांगायचंय. आम्ही तिघांनीही त्याला एकच प्रश्न विचारला होता: तू फिरतोस का? प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो जुन्या गाडीचा होता. तो कुठून आला हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत थंड करायची सोय म्हणजे जवळजवळ उकळतं भांडं होतं. पाणी तापायचं, वाफ उडून जायची, परत पाणी ओतायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, सुमारे शंभर किलोमीटर. तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाण्यासाठी थांबावं लागलं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ एक तृतीयांश भाग थंडाव्याच्या पाण्यात जातो, तो बाहेर टाकावाच लागतो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, तिथेही मूळ अडचण हीच आहे. फक्त त्यांच्या दाराशी अरबी समुद्र आहे. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, वाफेची उष्णता त्यात सोडायची आणि ते परत समुद्रात सोडायचं. गाडीला समुद्र सोबत नेता येत नाही. तिच्याकडे फक्त हवा असते.

हवा नीट वापरायचं काम विल्हेल्म मायबाखनं केलं. १९००-०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी त्यानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात हवा जाण्यासाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. मागे एक पंखाही होता, कारण गाडी हळू चालली की समोरून वारा येत नाही. पुढे अनेक दशकं हीच मांडणी राहिली: पुढे रेडिएटर, त्यामागे पंखा, आणि पंखा फिरवणारं इंजिनच. बहुतेक गाड्यांत मध्ये एक बेल्ट असायचा.

आपल्याकडची याची सगळ्यात ओळखीची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. ११०० डिलाइट १९६४ ची, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे बोईसर-पालघर पट्ट्यात आज पन्नाशी-साठीचे जे मिस्त्री आहेत, त्यांचा हात बसला तो अशाच गाड्यांवर.

पद्मिनीचा पंखा तपासणं सोपं. इंजिन चालू असेल आणि पंखा बंद असेल, तर बिघाड. बस. एकच बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवायचा. बेल्ट तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, पाणी फिरायचं थांबायचं, पंखाही थांबायचा. तिन्ही खुणा एकदम. बेल्ट ढिला असेल तर किंचाळायचा. आणि पंखा उलटा फिरणं शक्यच नव्हतं, कारण इंजिन एकाच दिशेनं फिरतं. पंखा फिरतोय म्हणजे हवा ओढतोय, हे त्या गाडीपुरतं अगदी खरं होतं. (चिकित्सकांसाठी: पातं मागचं पुढे करून बसवलं तरी वाऱ्याची दिशा बदलत नाही, जोर तेवढा कमी होतो. कागदाच्या भिरभिऱ्यावर करून बघा.)

मात्र या पंख्यात एक जन्मजात दोष होता. इंजिन जेवढं जोरात, तेवढा पंखा जोरात. पण वाऱ्याची गरज नेमकी उलट वेळी असते. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन संथ आणि पंखाही संथ, तेव्हाच वारा हवा. हायवेला समोरून भरपूर वारा येतो, तेव्हा पंखा सुसाट. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर शक्ती आठपट. हायवेवर गरज नसताना पेट्रोल जाळायचं आणि घाटात गरज असताना बॉनेट उघडून बाटलीनं पाणी ओतायचं. बोरघाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असतील.

यातून सुटका झाली ती इंजिन आडवं बसवायला लागल्यावर. इंजिन आडवं केलं की त्याची पुली गाडीच्या बाजूला तोंड करते आणि रेडिएटर तर समोर हवा. बेल्टनं पंखा फिरवणं अवघड होतं. १९५९ च्या मिनीत अ‍ॅलेक इसिगोनिसनं रेडिएटरच बाजूला नेऊन ठेवला. फियाटच्या दांते जाकोसानं १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रेडिएटर समोर ठेवला आणि पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर दिली. पाणी ठरावीक तापमानाला गेलं की पंखा चालू, उतरलं की बंद. मला गंमत वाटते ती ही, की पद्मिनीची आजी, म्हणजे १९५३ ची फियाट ११००, हीसुद्धा जाकोसाचीच. त्याच माणसाची जुनी गाडी आपण २००० च्या आसपासपर्यंत बनवत राहिलो. आणि विजेचा पंखा आपल्या घराघरात पोचला तो जपानच्या सुझुकीमार्गे, मारुती ८०० मधून. १४ डिसेंबर १९८३ ला तिच्या पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसीचं आडवं इंजिन, पुढच्या चाकांना जोर, आणि विजेचा पंखा.

आता बघा काय झालं. पूर्वी ‘पंखा बंद’ याचा अर्थ एकच होता. आता त्याचे कितीतरी अर्थ झाले. इंजिन अजून पुरेसं तापलंच नसेल, म्हणजे सगळं ठीक आहे. फ्यूज उडाला असेल. रिले चिकटत नसेल. मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील. तापमान ओळखणारा स्विच मेला असेल. आणि माझा आवडता प्रकार: थर्मोस्टॅट वॉल्व्ह बंद स्थितीत अडकला असेल. तेव्हा इंजिनात पाणी उकळतं, पण ते रेडिएटरपर्यंत येतच नाही. ज्या गाड्यांत स्विच रेडिएटरवर असतो तिथे त्याला सगळं थंडच वाटतं, म्हणून तो पंखा लावत नाही. पंखा निर्दोष, स्विच निर्दोष, आणि गाडी उकळतेय. पाणी कमी होऊन स्विचभोवती नुसती वाफ राहिली तरी असाच घोळ होऊ शकतो.

यातून वाट काढायच्या युक्त्याही गॅरेजमध्येच घडल्या, आणि त्या कुठल्याही प्रयोगशाळेत शोभतील अशा आहेत. गाडी कधी गरम होते हा पहिला प्रश्न, फुकटचा. उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. हायवेला तापते, तर पंख्याला हात लावू नका. तिथे पाणी, पंप, थर्मोस्टॅट नाहीतर चोंदलेला रेडिएटर बघा. मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा चालू होतो. झाला, तर मोटर जिवंत आहे, दोष तापमान ओळखणाऱ्या बाजूला. नाही झाला, तर फ्यूज बघा, हॉर्नचा तसाच रिले काढून इथे लावून बघा, मोटरला बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट देऊन बघा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. (आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, पाणी शंभरच्या वर गेलेलं असतं.)

पण याच काळात गॅरेजमध्ये आणखी एक रीत रुजली: पंखा ‘डायरेक्ट’ करून देणे. स्विच, रिले सगळं बाजूला. चावी फिरवली की पंखा चालू, बंद केली की बंद. थर्मोस्टॅटही काढून टाकायचा. गिऱ्हाईक खूश, गाडी परत येत नाही. मी याला सरसकट जुगाड म्हणून हसणार नाही. चाळीस अंशांच्या उन्हात, पार्ट दोन दिवसांनी मिळणार असताना, तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण मिस्त्रीनं नकळत काय केलं, तर विजेच्या पंख्याची परत पद्मिनी केली. तो कायम फिरणार. आणि त्याच्याबरोबर तो जुना प्रश्नही परत आला.

आमची गाडी अशीच, दुसऱ्या हाताची, छोटी, पेट्रोलवरची. ऑगस्टमध्ये पंख्याची मोटर गेली. गॅरेजवाल्यानं बाजारातली दुसरी मोटर आणली. तिचा प्लग बसेना, म्हणून वायरी कापून जोडल्या आणि पंखा डायरेक्ट करून दिला. आठवड्याभरात नवापूर नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर जायला लागला. मिस्त्री म्हणाला, “पंखा तर मस्त फिरतोय काका, थर्मोस्टॅट बदलू.” बदलला. मग इलेक्ट्रिशियननं फ्यूज आणि मोटर बघितली, ओके. मग रेडिएटर साफ केला.

शेवटी शनिवारी मी घरी आले आणि मल्टिमीटर घेऊन बसले. कनेक्टरवर हिरवा थर दिसला आणि मला आनंद झाला. तारापूर-चिंचणीची खारी हवा, तांब्याचे टर्मिनल, हा तर माझा प्रबंध! गंजलेल्या जोडावर अर्धा ओहम रोध असला आणि पंख्यानं दहा अँपिअर ओढले, तर पाच व्होल्ट तिथेच खर्च होतात, मोटरला उरतात सात. पंखा न जोडता मीटर लावला तर मात्र पूर्ण बारा दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून वायरमन हेडलाइटचा बल्ब लावून तपासतात, ते मीटरपेक्षा खरं असतं. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पंखा चालू ठेवूनच रीडिंग घेतलं: ११.२ व्होल्ट. टर्मिनल घासले, अर्थची वायर साफ केली. १३.३ व्होल्ट. पंख्याचा आवाज बदलला, तो स्पष्ट जोरात फिरायला लागला. मी वहीत आकडे लिहिले, फोनवर मीटरचे फोटो काढले, बाबांना सांगितलं, झालं काम. दुसऱ्या रविवारी वाघोबा खिंड.

हेड काढून प्लेन करायला दिलं. खर्च किती आला ते लिहीत नाही, माझ्या फेलोशिपच्या हप्त्याशी त्याची तुलना मी मनात करून झाले आहे. गाडी जोडून झाल्यावर तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी, आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवलेले, बाबांकडून वर्तमानपत्राचं एक पान मागितलं. इंजिन चालू करून त्यांनी ते समोरच्या जाळीवर धरलं. पंखा मागून हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. कागद फडफडत आमच्या अंगावर आला. पंखा इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता.

मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. कायम चुंबकाच्या डीसी मोटरला वायरी उलट्या लावल्या की ती उलटी फिरते, हे बारावीचं फिजिक्स. म्हणजे मी टर्मिनल घासून काय साधलं, तर पंखा चुकीच्या दिशेनं आणखी जोरात फिरवला.

काकांना मी विचारलं, पद्मिनीत तर असं होऊच शकत नव्हतं, मग तुम्हाला कसं सुचलं? ते म्हणाले, “फिरतोय ते सगळ्यांनी बघितलं होतं ना. मग वारा बघितला.”

त्या रात्री मी वही उघडली. लिहिलेलं होतं: ११.२, १३.३. मग फोनमधले फोटो बघितले. मीटरची लाल पिन मोटरच्या लाल वायरवर, काळी काळ्यावर, अगदी बरोबर लावलेली. आणि दोन्ही फोटोंमध्ये आकड्याच्या आधी वजा चिन्ह. पिना उलट्या लागल्या असतील असं समजून मी ते उतरवलंच नव्हतं.