नाणेघाट : रांजणापलीकडचा पुरावा

नारायणगावला महामार्ग सोडून मित्रासह मी जुन्नरहून घाटघरकडे निघालो. गाडीरस्ता नाणेघाटाच्या माथ्यावर संपतो. पुढे कोकणात उतरते ती पायवाट. माथ्यावरचा दगडी रांजण पाहून मित्र म्हणाला, "हा बघ जकातीचा पुरावा!"

समजूत लोकप्रिय आहे; पण नुसत्या रांजणावरून जकात सिद्ध होत नाही. घाटातल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख सांगतो ते यज्ञ आणि दक्षिणा : हत्ती, घोडे, गाई आणि एके ठिकाणी २४,४०० कार्षापण. जकातीचा त्यात उल्लेख नाही. मग व्यापाराचा पुरावा कुठला?

तो आम्हांला परतताना जुन्नरच्या लेण्यांत सापडला. तिथे राजांपेक्षा धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, वेळूकाम करणारे, कासार आणि यवन यांची दाने कोरलेली आहेत. एवढी माणसे, एवढा पैसा आडगावी येत नाही. आज आडवाटेला वाटणारे जुन्नर कोकणातील बंदरे आणि पैठण यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर होते.

मित्राला रांजण सोडवेना. मी म्हटले, "रांजण राहू दे, पण साक्ष कासारांची काढू."