एका संकेतधुनेचा इतिहास

आकाशवाणीचे केंद्र पहाटे सुरू होते तेव्हा प्रथम ऐकू येतो तो तंबोरा, आणि त्यावर हळूहळू उमलत जाणारे व्हायोलिन. नगरच्या केंद्राचे श्रोते असोत की मुंबईचे, ही धून ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. बहुतेकांना ती जुन्या, निनावी भारतीय परंपरेतून आल्यासारखी वाटते. तिचा कर्ता म्हणून ज्याचे नाव सर्वमान्य झाले आहे, तो मात्र बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ मध्ये जन्मलेला एक ज्यू संगीतकार होता : वॉल्टर कॉफमन.

कॉफमनने बर्लिन आणि प्राग येथे संगीताचे शिक्षण घेतले. गुस्ताव मालरच्या सिंफनींवर त्याने प्रबंध लिहिला. पण आपला मार्गदर्शक स्थानिक नाझी युवक संघटनेचा पुढारी आहे हे कळताच त्याने डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. १९३४ च्या आरंभी तो मुंबईत उतरला. भारताचा व्हिसा सहज मिळाला, हे येण्याचे कारण त्यानेच पुढे नमूद केले आहे.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्याने प्रथम ऐकल्या तेव्हा त्या त्याला सर्वस्वी परक्या आणि अनाकलनीय वाटल्या. परंतु लक्षावधी माणसे ज्यावर प्रेम करतात, ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपलीच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. वसाहतकाळातील युरोपीय कानाने असा कौल स्वतःविरुद्ध द्यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिन मेहता यांचे वडील) आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा, अशी मंडळी विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी वादन करीत. मोजक्या जाणकारांसमोर, एकमेकांचे ऐकत, दोनतीन वाद्यांनी करायचे हे वादन आपल्या बैठकीला जवळचे. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. कॉफमन लवकरच मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. त्याच्या एका व्हायोलिन सोनाटातील सुरावटीवरून ही धून बांधली गेली आणि तिच्यातील व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

धुनेची बांधणी पाहण्यासारखी आहे. स्वर शिवरंजनीचे मानले जातात : षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम, धैवत. भूपाचा शुद्ध गंधार कोमल केला की शिवरंजनी होते. एका स्वराच्या उतरण्याने प्रसन्नतेची जागा व्याकुळतेने घ्यावी, हे रागसंगीतातील एक मोठे आश्चर्य. लय संथ आहे आणि तबला नाही. आलापासारखी सुरावट आपल्या श्वासाने चालते. पाश्चात्त्य रचनेत मूळ स्वराकडे परतण्याची ओढ संवादी स्वरमेळांतून निर्माण होते. येथे ते काम तंबोरा करतो. षड्ज कधी हरवतच नाही, म्हणून परतण्याची घाईही नाही. ज्याचे घर सुटले होते अशा माणसाने ज्यात घर एक क्षणही सुटत नाही अशा स्वररचनेचा आधार घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या मोहाला फार बळी पडू नये. धून करुण आहे, हे आपण आज ऐकतो. 'जाने कहाँ गये वो दिन' (१९७०) सारख्या चित्रपटगीतांनी शिवरंजनी विरहाशी पक्की बांधून टाकल्यानंतरचा आपला कान आहे. १९३६ च्या श्रोत्याचा तो नव्हता.

कॉफमन मोकळा राहिला. सर्वच निर्वासित राहिले नाहीत. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना 'शत्रुराष्ट्राचे' म्हणून पकडण्यात आले आणि अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांतच होता. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही हिटलरच्या प्रजाजनांबरोबर याच तारांच्या आड गेले. चौकशीनंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. पारपत्र पाहणाऱ्याला माणसाची कहाणी दिसत नाही, एवढाच याचा अर्थ.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यसमितीचे नेते आणले गेले. त्यांत मौलाना आझाद होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना अखेरची भेट मिळाली नाही. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांनी नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून, पण तुरुंगातून रवाना न होणारे, एक दीर्घ पत्र लिहिले. विषय संगीत. तरुणपणी सतार शिकल्याचे, ताजमहालाच्या सान्निध्यात चांदण्या रात्री ती वाजवल्याचे ते सांगतात. जीवनाच्या इतर गरजांवाचून आपण राहू शकतो, संगीतावाचून नाही, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ही पत्रे १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळी ही धून सरकारी नभोवाणीची होती. तिच्यामागून युद्धाच्या अधिकृत बातम्या येत, आणि १९४२ च्या चळवळीतील माणसाला आपल्या पुढाऱ्यांचे वृत्त हवे असेल तर त्याला भूमिगत 'काँग्रेस रेडिओ'चा शोध घ्यावा लागे. तेव्हाच्या एखाद्या घरात तो कोमल गंधार सत्तेचा आवाज म्हणूनही ऐकला गेला असेल. पुढे सत्ता बदलली, नाव 'आकाशवाणी' झाले, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आले, आणि तीच धून शेतावर निघण्याची वेळ सांगू लागली.

कॉफमनने १९४६ मध्ये भारत सोडला. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन करून तो अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाला, आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थानी रागांवरचे त्याचे दोन मोठे ग्रंथ अनुक्रमे १९६८ व १९७६ मध्ये आले. ज्या ध्वनिमुद्रिका त्याला कळल्या नव्हत्या, त्यांच्यातील रागांची नोंद करण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले. १९८४ मध्ये तो वारला. त्या दिवशीही पहाटे इथल्या केंद्रांनी त्याच्या धुनेनेच प्रसारण सुरू केले असणार; पण त्या स्वरांबरोबर कोणी त्याचे नाव घेतले नसेल.