नकाशा आधी, वाट नंतर

शोध लागतो तो दिवस आणि तो रुग्णाच्या उपयोगी पडतो तो दिवस, यांत किती वर्षे जाऊ शकतात? हा प्रश्न मनात आला की मला हृदयाच्या आतल्या विद्युतवाटांचा इतिहास आठवतो.

1893 मध्ये विल्हेल्म हिस (धाकटे) यांनी हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा तंतूंचा एक बारीक जुडगा दाखवून दिला. 13 वर्षांनी सुनाओ तावारा या तरुण जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे, लुडविग आशोफ यांच्या हाताखाली काम करताना, त्याचा पुढचा मार्ग रेखाटला. जुडग्याला उजवी आणि डावी अशा दोन फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या येतात आणि त्या पुर्किन्ये यांनी पूर्वीच पाहिलेल्या तंतूंना जाऊन मिळतात. जपानी माणसाने जर्मन भाषेत लिहिलेल्या 1906 च्या त्या ग्रंथात नकाशा जवळजवळ पुरा होता. पुढे 1925 मध्ये कार्ल विगर्स यांनी प्राण्यांच्या हृदयावर प्रयोग करून इशाराही दिला होता: ठोका या नैसर्गिक वाटेने न येता स्नायूवर भलत्याच जागी सुरू केला, तर आकुंचन मंदावते आणि दुबळे होते.

8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, पण लार्सन नवनव्या यंत्रांच्या आधारे 2001 पर्यंत जगले, डॉक्टर आणि अभियंता या दोघांहूनही अधिक. अशा वेळी तार नेमकी कुठे टेकवली हे कोण विचारणार? नाडी चालू राहणे हाच चमत्कार होता. पुढे शिरेतून तार आत सरकवता येऊ लागली, आणि ती सहज जाऊन जिथे स्थिरावते, त्या उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकालाच ती पुढची कित्येक दशके बसवली गेली. जागा ठरवली ती हाताच्या सोयीने, नकाशा पाहून नव्हे.

यात बिघडते काय? ढोलपथकाची कल्पना करा. ताशाचा इशारा सगळ्यांना एकदम ऐकू आला तर ठोका एक पडतो. तोच इशारा एका टोकाच्या वादकाने शेजाऱ्याला, त्याने पुढच्याला असा द्यायचा ठरवला, तर दुसरे टोक मागे पडते. उजव्या टोकाहून निघालेला विद्युतप्रवाह स्नायूतून रेंगाळत डावीकडे पोहोचतो. धडधाकट हृदय हे बहुधा सोसते, दुबळ्या हृदयाला ते जड जाऊ शकते. 2002 च्या ‘डेव्हिड’ चाचणीत हे आकड्यांनी दिसले. 506 रुग्ण, सर्वांची हृदये कमजोर, पण नाडी फार मंद नसल्याने पेसिंगची खरी गरज नाही. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात भरती, या दोन्हींपासून वर्षभर बचावलेल्यांचे प्रमाण, यंत्राने फक्त गरज पडेल तेव्हाच ठोका दिलेल्यांत 83.9 टक्के होते. मिनिटाला 70 च्या गतीने पेसिंग केलेल्यांत ते 73.3 टक्क्यांवर आले. नवी पद्धत सरस ठरेल अशी अपेक्षा होती, घडले उलटे.

त्याआधीच फ्रान्समध्ये दुसरी वाट निघाली होती. डावी फांदी मुळातच बंद असलेल्या हृदयात दोन्ही बाजूंना एकेक तार ठेवून एकदम ठोका द्यायचा. सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये असा पहिला रुग्ण नोंदवला. 2005 च्या ‘केअर-एचएफ’ या युरोपीय चाचणीत 813 रुग्ण होते. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी 30 टक्के दगावले, यंत्रही बसवलेल्यांपैकी 20 टक्के. हा फायदा मोठा आहे आणि तो पक्का मोजलेला आहे. तरी साधारण तिघांपैकी एकाला या यंत्राने अपेक्षित गुण येत नाही. डावी तार शिरेच्या फाट्यांतून न्यावी लागते आणि प्रत्येकाला सोयीची शीर असतेच असे नाही.

मग हिसच्या जुडग्याकडे लक्ष गेले. ओंकार नरूला यांनी 1977 मध्येच दाखवले होते की, बंद वाटणारी फांदी कधीकधी जुडग्यातूनच ठोका दिल्यास पुन्हा चालू होते. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अमेरिकेत 18 रुग्णांवर प्रयत्न करून 12 जणांत तार तिथे कायमची बसवली. पण लक्ष्य अगदी लहान, विजेची गरज जास्त, बॅटरी लवकर संपायची. 2017 मध्ये चीनमधील वेनझोऊच्या हुआंग वेइजियान यांनी आणखी खाली उतरून, मधल्या पडद्यातून स्क्रूसारखी तार पलीकडे नेत, थेट डावी फांदी गाठली. तावारांच्या नकाशाला तोवर 111 वर्षे झाली होती.

आमच्या थोरल्या काकूंना तीन तारांच्या यंत्राचा सल्ला मिळाला, तेव्हा ही तुलना माझ्यासाठी पुस्तकी उरली नाही. नव्या पद्धतीत बहुधा एक तार कमी लागते आणि साधा पेसमेकर पुरू शकतो, म्हणून खर्च बराच घटतो. खिशातून पैसे भरणाऱ्या घरांच्या देशात ही बाब किरकोळ नाही. मदुराईच्या डॉक्टरांनी हे तंत्र लवकर आत्मसात केले, त्याचे मला नवल वाटत नाही.

पुरावा मात्र अजून समसमान नाही. 2023 मध्ये पुगळेंदी विजयरामन आणि सहकाऱ्यांनी 1,778 रुग्णांची तुलना मांडली. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती डाव्या फांदीच्या गटात 20.8 टक्के, दोन्ही बाजूंच्या गटात 28 टक्के. पण कोणाला कोणती पद्धत द्यायची हे तिथे डॉक्टरांनी ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी उत्तर अमेरिकेत सुरू झाली आहे. शिवाय पडद्यात रुतलेली तार 20 वर्षांनी काढायची वेळ आली तर काय, याचा अनुभव गाठीशी यायला तेवढी वर्षे जावी लागतील.

म्हणून मला वाटते, जिथे दोन्ही वाटा खुल्या आहेत तिथे मोजलेल्या पुराव्याला आज मान द्यावा. जिथे डावी शीर सापडत नाही किंवा तिसऱ्या तारेचे पैसे जुळत नाहीत, तिथे नवी वाट डॉक्टरांकडे आवर्जून विचारावी. आणि मूळच्या दुबळ्या हृदयाला सतत पेसिंग लागणार असेल, तर तार नेमकी कुठे बसणार हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच करावा. तो विचारायला आपण पुष्कळ उशीर केला आहे.