दोष दाखवावा, दार उघडे ठेवावे

घरचे माणूस चुकले, तर त्याला तोडावे की त्याची चूक झाकावी? मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठरावा अध्याय तिसरी वाट दाखवितो: भावाचा दोष आधी एकांतात त्यालाच सांगावा, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे, मंडळीकडे जावे ते त्यानंतर.

मराठी ख्रिस्ती घरात ही वाट कशी चालली, हे बुलढाण्याच्या श्रोत्यांना टिळक दांपत्याच्या संसारात दिसेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. त्यांनी आक्रोश केला, रागही धरला. पण नाते तोडले नाही. पुढे त्या पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. जातिभेद टिळकांना अन्याय वाटे, तरी त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही, वाट पाहिली. सोवळे बाईंनी स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

१९३४पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त बाईंनी पतीचा तापटपणा लपविला नाही, आपला हट्टही लपविला नाही, मात्र त्या लेखनात सूड नाही. सत्य सांगताना माया सुटू नये, एवढेच आपण त्यांच्यापासून घेतले तरी पुष्कळ झाले.