मांस वाळवणे व धुरावणे

मांस वाळवणे व धुरावणे : ऊन, वारा, मीठ व लाकडाचा धूर यांच्या साहाय्याने मांसातील पाणी कमी करून ते दीर्घकाळ टिकविण्याच्या पद्धती. ताज्या मांसात सु. ७५% पाणी असते व उष्ण हवेत ते काही तासांतच खराब होऊ लागते. प्रशीतनाची साधने येण्यापूर्वी एखादे मोठे जनावर मारले गेले किंवा मेले, तर त्याचे मांस वाटून एकदोन दिवसांत संपविणे अथवा वाळवून ठेवणे, एवढेच मार्ग उपलब्ध होते. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीचा परिसर आणि एकूण विदर्भ येथे हे काम मुख्यतः उन्हाने व काही प्रमाणात चुलीच्या धुराने होत असे. पुढे शीतपेट्या आल्या आणि जुन्या पद्धती मागे पडल्या. निकामी शीतपेटीचेच (फ्रीझरचे) धुरीपेटीत रूपांतर करण्याची घरगुती युक्ती परदेशांत रूढ झाली असून तीमुळे या दोन्ही पद्धतींचा संबंध एका वेगळ्याच रीतीने जुळून आला आहे.

धुराने मांस टिकते ही समजूत अर्धीच खरी आहे. लाकूड ज्वाळेविना धुमसत ठेवले असता त्यातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन होऊन फिनॉले, फॉर्माल्डिहाइड, ॲसिटिक अम्ल इ. द्रव्ये धुरात येतात. ती मांसाच्या पृष्ठभागावर बसून सूक्ष्मजंतूंची व बुरशीची वाढ रोखतात, चरबी खवट होण्याची क्रिया मंद करतात आणि मांसाला तपकिरी रंग व विशिष्ट स्वाद देतात. मात्र हा परिणाम पृष्ठभागापलीकडे फारसा पोहोचत नाही. आतील भाग टिकतो तो पाणी उडून गेल्याने व मीठ मुरल्याने. म्हणूनच धुरी देण्यापूर्वी मांस खारवण्याची प्रथा जवळजवळ सर्वत्र आढळते. धुरीचे दोन प्रकार मानतात : सु. ३०° से. पेक्षा कमी तापमानात दिली जाणारी थंड धुरी आणि मांस शिजेल इतक्या उष्णतेची गरम धुरी. थंड धुरीने मांस शिजत नसल्यामुळे ते पुरेसे खारवलेले नसल्यास क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे प्राणघातक विष त्यात तयार होण्याचा धोका असतो.

वाळवलेल्या मांसाला संस्कृतात वल्लूर ही संज्ञा असून अमरकोशात ती नोंदलेली आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्गात अनेक वर्षे पुरेल असा जो साठा करावयास सांगितला आहे, त्यात धान्य, मीठ व सुक्या भाज्या यांच्या बरोबरीने वल्लूर येते. मनुस्मृतीने मात्र द्विजांना वर्ज्य असलेल्या पदार्थांत त्याची गणना केली आहे. म्हणजे एकीकडे राज्यव्यवहारात ज्याला शिबंदीचा आधार मानले, तेच दुसरीकडे आचारधर्मात त्याज्य ठरले. अन्य खंडांत या पदार्थाला अशी बाधा आलेली दिसत नाही. अँडीज पर्वतातील केचुआ भाषिकांच्या चार्की या शब्दावरून इंग्रजीतील जर्की हा शब्द आला. दक्षिण आफ्रिकेतील बिल्टाँग हे खारवून वाळवलेले मांस प्रसिद्ध आहे. कॅरिबियन बेटांवर मांस धुरावण्याच्या लाकडी मांडणीला बूकाँ म्हणत व तीवर मांस तयार करणाऱ्या शिकाऱ्यांचे नाव पुढे तेथील चाच्यांना चिकटून ‘बकॅनिअर’ हा शब्द रूढ झाला.

विदर्भातील पद्धती : वाघाडी नदीच्या काठी वसलेले घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. आसपास कापूस व तूर यांची शेती, साग, धावडा, मोह, पळस यांची जंगले आणि कोलाम व गोंड या आदिवासींची वस्ती आहे. येथील उन्हाळा कडक व अतिशय कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४०° से. च्या वर राहते व हवेतील आर्द्रता फार कमी असते. अशा हवेत बोटभर जाडीच्या मांसाच्या पट्ट्या दोनतीन दिवसांत कडक वाळतात. त्यामुळे युरोपातील थंड व दमट प्रदेशांत धुराला जे महत्त्व आले, ते येथे उन्हाला मिळाले.

पावसाळ्यात ही सोय राहत नाही. हवा दमट होते, माश्या वाढतात व उघड्यावर टांगलेल्या मांसाला बुरशी येते. अशा वेळी चुलीवरच्या जागेचा उपयोग होत असे. धुराडे नसलेल्या घरात धूर छपराखाली साठून कौलांतून किंवा गवतातून हळूहळू बाहेर पडतो. तेथे आडव्या काठीवर किंवा शिंक्यात ठेवलेले मांस व मासे मंद उष्णतेने सुकत आणि त्यांवर धुराचा थर बसे. मध्य भारतातील आदिवासींच्या घरांत बियाण्याची कणसेही अशीच चुलीवर टांगीत. त्यांना कीड लागत नसे. मांसासाठी निराळी धुरीघरे बांधण्याची प्रथा या भागात दिसत नाही. राहते घर हेच धुरीघर होते. त्याची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे यांना मोजावी लागली, ही गोष्ट या पद्धतीचे वर्णन करताना सहसा सांगितली जात नाही.

मांस वाळवण्याची कला महाराष्ट्रात सर्वांत अधिक जोपासली गेली ती गावगाड्यातील अस्पृश्य मानलेल्या जातींत आणि तीही आवडीपेक्षा अगतिकतेने. गावातील मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम वतनी चाकरीचा भाग म्हणून महारांकडे असे आणि त्या मोबदल्यात मांस त्यांच्याकडे येई. बैल किंवा म्हैस कधी मरेल याचा नेम नसे. एका दिवशी साऱ्या वस्तीला पुरून उरेल इतके मांस येई व नंतर कित्येक आठवडे काहीच मिळत नसे. त्यामुळे वाटणी होताच मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून त्यांना मीठ व हळद लावीत आणि त्या दोरीवर किंवा कुंपणावर वाळत घालीत. मराठवाड्यात अशा पट्ट्यांना चान्या म्हणतात. पूर्ण वाळलेल्या चान्या गाडग्यात किंवा डब्यात भरून ठेवीत आणि पुढे त्या निखाऱ्यावर भाजून अथवा डाळीत शिजवून खात. पावसाळ्यात शेतीची कामे मिळेनाशी झाली म्हणजे हा साठाच आधार ठरे. मीठ मात्र बेताचेच लावीत, कारण ते विकत घ्यावे लागे.

या अन्नात मोठा धोका होता. जनावर कोणत्या रोगाने मेले हे ठाऊक नसे. काळपुळी (अँथ्रॅक्स) या रोगाच्या जंतूंची बीजुके वाळवण्याने किंवा धुरीने मरत नाहीत. अशा जनावराचे कातडे सोलणाऱ्याला प्रत्यक्ष स्पर्शानेही हा रोग होऊ शकतो. जनावर ओढण्याची सक्ती, त्याच्या मांसामुळे येणारा विटाळाचा शिक्का आणि रोगाचा धोका या तिन्ही गोष्टी एकाच समाजाच्या वाट्याला आल्या.

महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. हे आवाहन आरोग्यापुरते नव्हते. गावकीच्या चाकरीतून बाहेर पडण्याचा तो एक भाग होता. द अनटचेबल्स (१९४८) या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण व अस्पृश्यतेचा उगम यांच्या संबंधाची मीमांसा केली आहे. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातील खेड्यांत मृत जनावरे ओढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सोडून देण्यात आले व त्याबरोबर चान्यांची दोरीही अंगणातून नाहीशी होत गेली. जुन्या मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. शीतपेटी खेड्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी ही पद्धत मागे पडली होती हे येथे लक्षात घेतले पाहिजे. यंत्राने तिची जागा घेतली असे म्हणणे कालक्रमाला धरून नाही. ती सोडली गेली ती स्वाभिमानापोटी.

कायद्यांचाही परिणाम झाला. मध्य प्रांत व वऱ्हाड यांत १९४९ साली पशुसंरक्षणाचा कायदा करण्यात आला. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली आणि १९९५ साली संमत झालेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर बैल व वळू यांनाही ही बंदी लागू झाली. म्हैस या बंदीतून वगळलेली आहे. आदिवासींच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निर्बंध आले. घाटंजी व केळापूर तालुक्यांतील जंगलात १९९७ साली टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्यामुळे चुलीवर टांगण्यासाठी रानातून येणारे मांस कायद्याने बंद झाले. आज आठवडी बाजारात वाळवलेला पदार्थ म्हणून उघडपणे मिळतात ते कोकणपट्टीतून येणारे सुके बोंबील व सुकट. चान्यांची स्मृती मुख्यतः लिखित स्वरूपात उरली असून शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या मराठी ग्रंथात अशा पदार्थांच्या कृती व त्यांमागील समाजव्यवहार यांची नोंद मिळते.

शीतपेटी व धुरीपेटी : भारतात थंडावा प्रथम विकत आला तो बर्फाच्या रूपाने. अमेरिकेतील तळ्यांवरील बर्फ जहाजातून १८३३ साली कलकत्त्यास व त्यानंतर मुंबईस आला. गोठविलेले मांस न्यूझीलंडहून इंग्लंडला नेण्यात डनेडिन या जहाजाला १८८२ साली यश आले व त्यानंतर मांसाचा जागतिक व्यापारच बदलला. भारतात घरगुती शीतकपाटांचे उत्पादन गोदरेज कंपनीने १९५८ साली सुरू केले. पण खेड्यांत ही साधने पोहोचण्यास आणखी काही दशके लागली. वीज आली तरी ती अखंड नसे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातील अनेक तासांचे भारनियमन होते. −१८° से. तापमान राखू न शकणारी गोठणपेटी मांसाच्या बाबतीत साध्या पेटीहून फारशी उपयोगी नसते.

निकामी शीतपेटीचा धुरीसाठी उपयोग करण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पसरली. तेव्हाच्या शीतकपाटांना आतून-बाहेरून एनॅमलचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा असे व मधल्या पोकळीत काचलोकर किंवा बूच भरलेले असे. बंद दार, उष्णतारोधक भिंती आणि जाळीचे कप्पे हे धुरीघराला लागणारे सर्व गुण त्यांत आयतेच मिळत. उभ्या कपाटात धूर तळाशी शिरून वर चढतो व माथ्यावरील भोकातून बाहेर पडतो. आडव्या गोठणपेटीत ही गती मिळत नाही. म्हणून एका टोकाला खाली धूर घेऊन विरुद्ध टोकाला झाकणालगत वाट ठेवावी लागते आणि मांस आडव्या गजावर टांगावे लागते. जाळ पेटीत न करता बाहेर खड्ड्यात किंवा पिंपात करून धूर दोनतीन मीटर लांब नळीतून आणल्यास तो वाटेत थंड होतो. त्यासाठी बाभळीसारखे कठीण व पूर्ण वाळलेले लाकूड वापरावे. राळयुक्त किंवा रंग लावलेले लाकूड वर्ज्य समजावे.

अलीकडच्या पेट्या या कामास जशाच्या तशा चालत नाहीत. त्यांचे आतील अस्तर प्लॅस्टिकचे व भरण पॉलियुरेथेनच्या फेसाचे असते. हा फेस पेटल्यास त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. म्हणून अस्तर व फेस पूर्णपणे काढून पोलादी पत्रा व खनिज लोकर बसवावी लागते. जस्त किंवा कॅडमियम यांचा मुलामा दिलेल्या जाळ्या अन्नाशी संपर्कात येऊ देऊ नयेत. धुरातील अम्लांमुळे या धातू अन्नात उतरतात. नळ्या कापण्यापूर्वी आतील वायू कुशल तंत्रज्ञाकडून काढून घेणे आवश्यक असते. जुन्या पेट्यांतील क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ओझोनच्या थराला घातक आहेत व माँट्रिऑल करारान्वये (१९८७) त्यांचा वापर थांबविण्यात आला, तर नव्या पेट्यांतील आयसोब्यूटेन हा वायू ज्वालाग्राही आहे. आणखी एक धोका दाराचा. बाहेरून खिटी लागणाऱ्या टाकाऊ शीतकपाटांत अडकून अमेरिकेत अनेक मुले गुदमरून मेली व १९५६ साली तेथे आतून उघडणारी दारे कायद्याने सक्तीची झाली. म्हणून टाकून दिलेल्या पेटीची खिटी काढून टाकणे हे पहिले काम समजतात.

घाटंजीच्या हवामानात अशा पेटीचा उपयोग ऋतूवर अवलंबून राहील. मे महिन्यात बाहेरील हवाच ४०° से. हून अधिक तापलेली असल्यामुळे थंड धुरी देणे अशक्य असते. ती देता येईल डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. एरवी गरम धुरी देऊन मांसाच्या गाभ्याचे तापमान ७५° से. पर्यंत नेणे हाच सुरक्षित मार्ग होय आणि असे मांस कोरडे नसल्याने थंड जागेतच ठेवावे लागते. शिवाय धुरात बेंझोपायरिनासारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या, ज्यात धुरावलेले मांसही येते, सेवनाने कर्करोग होऊ शकतो असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केला. [⟶ अन्नपरिरक्षण, प्रशीतन].