आतड्याला घातलेला वळसा

१९६९ साली पेन आणि डीविंड या अमेरिकी शल्यविशारदांनी लठ्ठपणावरील ‘जेजुनोइलियल बायपास’चे माप ठरवून दिले. लहान आतड्याच्या आरंभाचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडायचे. मधला सारा पसारा पोटातच, पण अन्नाच्या वाटेबाहेर! वजन झपाट्याने उतरे. मात्र न शोषलेली चरबी कॅल्शियमला बांधून ठेवी, मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरे आणि मूत्रपिंडात खडे होत. ओस पडलेल्या आतड्यात जिवाणू माजत, सांधे सुजत, काहींचे यकृतच निकामी होई. जुलाब तर नित्याचेच. आतडे पूर्ववत जोडता येई, परंतु मग वजनही परते. रुग्णाने निवडायचे ते कोणते दुखणे, एवढेच. १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. तोवर हजारोंच्या पोटात हा वळसा होता. त्यांच्या मूत्रपिंडांवर आणि यकृतावर डॉक्टरांना पुढे कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागले.