क्षेपणभूमी पुनर्वसन

क्षेपणभूमी पुनर्वसन : बंद झालेल्या किंवा बंद करावयाच्या कचराभूमीचे प्रदूषण आटोक्यात आणून ती जागा सुरक्षित व पुन्हा उपयोगी करण्याची प्रक्रिया. अशा जागेला मुंबईत क्षेपणभूमी किंवा डंपिंग ग्राउंड, तर पुणे व इतर शहरांत कचरा डेपो म्हणतात. जागेची पाहणी, कचरा झाकायचा की उपसायचा याचा निर्णय, घाण पाणी व वायू यांची व्यवस्था, जमिनीचा पुढील वापर, कचरावेचक व शेजारच्या वस्त्यांचे हित आणि दीर्घकालीन देखभाल ही या नियोजनाची मुख्य अंगे आहेत. कचरा टाकणे थांबले तरी ढिगाच्या पोटात कुजण्याची क्रिया अनेक वर्षे चालूच राहते. म्हणून शेवटची गाडी रिकामी झाल्यानंतरच्या काळाचा विचार हा या आराखड्याचा गाभा ठरतो.

गरज : भारतातील बहुतेक जुन्या कचराभूमी शास्त्रोक्त भूभरण म्हणून बांधलेल्याच नव्हत्या. गावाबाहेरची खाणीची खड्डेवजा जागा, खाडीकाठची दलदल किंवा गायरान पाहून तेथे कचरा ओतला गेला. तळाशी अस्तर नाही, पाण्याला वाट नाही आणि वायूला निकास नाही, अशा स्थितीत ढीग वाढत गेले. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपून काळपट, उग्र वासाचे दूषित पाणी (लिचेट) तयार होते आणि ते विहिरी, ओढे व खाडीत उतरते. एक हेक्टर उघड्या ढिगावर हंगामात २,००० मिमी पाऊस पडला, तर त्या ढिगावर दोन कोटी लिटर पाणी येते. कोकणपट्टीतील कचराभूमीचे नियोजन या एका आकड्यापासून सुरू करावे लागते.

ऑक्सिजनविना कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी मिळाल्यास स्फोट होतो. इंग्लंडमधील लोस्को येथे २४ मार्च १९८६ रोजी वातावरणाचा दाब झपाट्याने उतरला. जवळच्या बंद कचराभूमीतील वायू जमिनीखालून सरकत एका बंगल्यात शिरला आणि स्फोटात तो उद्ध्वस्त झाला. ती कचराभूमी तोपर्यंत बंद करून झाकलेली होती. ढीग घसरण्याचा धोकाही तितकाच गंभीर आहे. फिलिपीन्समधील पायातास येथे जुलै २००० मध्ये मुसळधार पावसानंतर कचऱ्याचा कडा कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. मुंबईत देवनार क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

पूर्वपाहणी : पाहणीत ढिगाची उंची, उतार व घनफळ मोजण्यासाठी ड्रोन आणि समोच्च रेषांचे नकाशे वापरले जातात. ठिकठिकाणी बोअर घेऊन कोणत्या खोलीवर कोणत्या काळातला, किती ओला आणि किती कुजलेला कचरा आहे ते पाहतात. माती, राडारोडा, प्लॅस्टिक, कापड, काच व धातू यांचे प्रमाण काढतात. निरीक्षण विहिरी खोदून भूजलाची दिशा व प्रत तपासतात. वायूचे प्रमाण आणि ढिगाच्या आतील तापमान यांवरून कोठे आग धुमसत आहे का, तेही कळते. डेपोवर अनेक वर्षे काम केलेले मुकादम, गाडीचालक व कचरावेचक यांना कोणत्या कोपऱ्यात रुग्णालयाचा किंवा कारखान्याचा कचरा पडला हे ठाऊक असते. कागदोपत्री नोंदी अपुऱ्या असताना ही माहिती बोअरच्या जागा ठरवायला उपयोगी पडते, म्हणून पाहणीत तिची नोंद आवर्जून घ्यावी.

पर्याय : मुख्य पर्याय दोन आहेत. पहिल्यात कचरा जागेवरच ठेवून, ढिगाला आकार देऊन तो बंदिस्त करतात (कॅपिंग). दुसऱ्यात ढीग उपसून, चाळून त्यातील घटक वेगळे करतात (बायोमायनिंग अथवा जैवखनन). निवड करताना कचऱ्याचे वय व खोली, जागेची किंमत, पूररेषा, खाडीचे सान्निध्य, वेगळ्या केलेल्या मालाला गिऱ्हाईक आणि स्थानिक स्वराज्य संस्थेची आर्थिक कुवत यांचा ताळमेळ घालावा लागतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये जुन्या कचराभूमींची तपासणी करून शक्य तेथे जैवखनन व जैवोपचार करण्यावर भर देण्यात आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये जुन्या कचऱ्याची विल्हेवाट हे प्रमुख उद्दिष्ट ठेवले गेले.

बंदिस्ती : या पद्धतीत आधी ढिगाचे उभे कडे कापून सौम्य उतार व टप्पे करतात. त्यावर आच्छादनाचे थर येतात. केंद्रीय नियमांनुसार खाली ६० सेंमी. जाडीचा, पाणी जवळजवळ न झिरपू देणारा चिकणमातीचा थर, त्यावर १५ सेंमी. निचऱ्याचा थर आणि सर्वांत वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंमी. मातीचा थर अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी चिकणमातीच्या जोडीला एचडीपीई या दाट प्लॅस्टिकचे जाड अस्तर वापरतात. ढिगात उभ्या वायुविहिरी घेऊन त्या नळ्यांनी जोडतात. गोळा झालेला वायू पुरेसा असल्यास वीज किंवा इंधनासाठी वापरतात, नसल्यास जाळून टाकतात. कारण मिथेन तसाच सोडणे हवामानाला कितीतरी अधिक घातक असते. आच्छादनावर मुळे खोल जाणारी मोठी झाडे लावत नाहीत. सुरुवातीला गवत व झुडपेच योग्य, कारण मुळांनी थर फोडला की पावसाळ्यात पाणी थेट कचऱ्यात उतरते.

मुंबईतील गोराई क्षेपणभूमी हे या पद्धतीचे भारतातील आरंभीचे मोठे उदाहरण होय. बोरिवली पश्चिमेला खाडीलगत १९७२ पासून वापरात असलेल्या सुमारे १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साचला होता व ढिगाची सरासरी उंची २६ मीटरच्या आसपास गेली होती. न्यायालयाच्या आदेशानंतर २००७ अखेर तेथे कचरा टाकणे थांबले आणि २००९ पर्यंत ढिगाला उतार देणे, झाकणे, वायू गोळा करणे व हिरवळ लावणे ही कामे झाली. प्रकल्पाच्या खर्चाला मिथेन रोखल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नाची जोड देण्याची योजना होती. अशा उत्पन्नाचे गणित मात्र सावधपणे मांडावे लागते, कारण ओला कचरा भरभर कुजणाऱ्या आपल्या हवामानात वायूचे प्रमाण बंदीनंतर वर्षागणिक उतरते.

जैवखनन : येथे ढीग एकदम न फोडता थराथराने मोकळा करतात. सुटा झालेला कचरा दोन-अडीच मीटर उंचीच्या लांबट राशींत रचून त्यावर जिवाणूंचे मिश्रण फवारतात व साधारण दर आठवड्याला रास उलथवतात. हवा आत शिरली की वाफ निघते, दर्प उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत रास सुकून बसते. मग ती फिरत्या ट्रॉमेल चाळण्यांत घालतात. बारीक चाळणीतून मातीसारखा भुगा खाली पडतो, जाड चाळणीवर दगड-विटा राहतात आणि वाऱ्याच्या झोताने प्लॅस्टिक व चिंध्या बाजूला उडतात. ज्वलनशील भाग सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून जातो, राडारोडा भरावाला लागतो. बारीक भुग्यात जड धातू व काचेचे कण असू शकतात. तो तपासल्याशिवाय अन्नपिकांच्या शेतात टाकणे म्हणजे डेपोतले प्रदूषण शिवारात पसरवणे होय. उपसण्याचे काम पावसाळ्यात मंदावते किंवा थांबते, त्यामुळे वर्षाचे बारा महिने धरून आखलेले वेळापत्रक कोलमडते.

इंदूरच्या देवगुराडिया येथील सुमारे १०० एकर कचराभूमी २०१८ मध्ये याच मार्गाने मोकळी झाली. मुंबईत मुलुंडची २४ हेक्टरची क्षेपणभूमी १९६७ पासून वापरात होती. ती २०१८ मध्ये बंद करून तेथील सुमारे ७० लाख टन कचऱ्यावर प्रक्रियेचे काम देण्यात आले. त्याची सहा वर्षांची मुदत नंतर वाढवावी लागली.

अंतिम वापर : जागेचा पुढील वापर आराखड्याच्या आरंभीच ठरावा लागतो, कारण उतार, मातीची जाडी, वायुनळ्यांची जाळी व खर्च त्यावर अवलंबून असतात. कचरा कुजत जातो तसा पृष्ठभाग असमान खचतो. उद्यान, कुरण, सौर प्रकल्प किंवा मैदान अशा हलक्या वापरांना हे खचणे झेपते, इमारतींना झेपत नाही. नागरी घनकचरा नियम २००० मध्ये बंदीनंतर किमान १५ वर्षे देखरेख आणि त्यानंतरही वायू व लिचेट तपासूनच मानवी वस्तीचा विचार, अशी अट होती. मुंबईत मालाडला जुन्या कचराभूमीवर कार्यालये उभी राहिल्यानंतर संगणक व विद्युत उपकरणे लवकर गंजत असल्याच्या तक्रारी आल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये देवनारची सुमारे १२४ एकर जागा धारावी झोपडपट्टीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे ठरवले आणि २०२५ मध्ये तेथील सुमारे १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी निविदा निघाली. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या या जागेवर घरे बांधायची, तर कचरा हटवण्याइतकीच त्याखालच्या जमिनीची व भूजलाची चाचणी निर्णायक ठरते.

न्यूयॉर्कमधील फ्रेश किल्स येथे १९४८ ते २००१ या काळात कचरा टाकला गेला. सुमारे ८९० हेक्टरच्या या जागेचे उद्यान करण्यासाठी २००१ मध्ये रचनास्पर्धा झाली, २००६ मध्ये प्रारूप आराखडा आला आणि उत्तर भागातील पहिला टप्पा २०२३ मध्ये नागरिकांना खुला झाला. उद्यानाचे काम अजूनही टप्प्याटप्प्याने चालू आहे. नेत्याच्या वाढदिवसाच्या किंवा निवडणुकीच्या मुहूर्तावर उद्घाटन गाठायची घाई या कामाला मानवत नाही, हे त्या कालपटावरून दिसते.

समाज व रोजगार : कचराभूमीचा भार शहर एकीकडे निर्माण करते आणि वाहतात शेजारची गावे. पुण्याजवळील उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी दूषित विहिरी, माश्या व दुर्गंधी यांविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि अनेकदा कचरागाड्या रोखल्या. गोव्यात मडगावच्या सोनसोडो येथील जुना ढीग २०१९ च्या मे महिन्यात पेटला तेव्हा आसपासच्या रहिवाशांना धुरात दिवस काढावे लागले. बाधितांना पिण्याचे पाणी, आरोग्यतपासणी व माहिती मिळणे हा पुनर्वसनाचाच भाग मानायला हवा. डेपो बंद होताच कचरावेचकांची रोजीरोटी एका दिवसात तुटते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे उभी राहिलेली स्वच्छ सहकारी संस्था यांनी कचरावेचकांना घरोघरच्या संकलनात मानाचे काम मिळवून दिले. बंदीच्या आराखड्यात अशा कामाची तरतूद नसेल, तर शहर स्वच्छ ठेवणारी माणसेच त्याची किंमत मोजतात.

देखभाल व उत्तरदायित्व : आराखड्यात बंदीनंतरच्या खर्चाचा स्वतंत्र निधी, खचलेल्या भागाची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी, लिचेट प्रक्रिया, वायू व भूजलाची नियमित तपासणी आणि आगीसाठी पाणी व मातीचा साठा नमूद असावा. हे काम कोणता विभाग करणार, हेही लिहिलेले असावे. ठेकेदार बदलला म्हणून निरीक्षण विहिरी बुजू नयेत. ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण व प्रक्रिया शहरात उभी राहिली नाही, तर एक डेपो बंद होऊन दुसऱ्या गावच्या शिवारात नवा सुरू होतो. तपासण्यांचे निष्कर्ष मराठीत, समजतील अशा शब्दांत, शेजारच्या वस्त्यांत ठरलेल्या तारखेला जाहीर व्हावेत. ज्या लोकांनी इतकी वर्षे परिसरातील विहिरींचे पाणी प्यायले, त्यांना ते आज कसे आहे हे कळण्याचा पहिला हक्क आहे.